कौलावर वसलेले नगर

लिथुएनिया या बाल्टिक समुद्रकाठच्या देशाचे नाव आपल्याकडे निघते ते बहुधा तेथील भाषेचे संस्कृतशी असलेले दूरचे नाते सांगण्यापुरतेच. त्या देशातील एखाद्या लहानशा नगराच्या इतिहासात मन घालावे असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु राजधान्यांच्या इतिहासात लढायांचा व तहांचा गलबला इतका असतो, की भिन्न धर्मांची व भिन्न देशांची माणसे एका वेशीच्या आत कोणत्या भरवशावर राहतात, तो भरवसा त्यांना कोण देतो, आणि देणारा नाहीसा झाला म्हणजे त्यांची गती काय होते, हे प्रश्न त्या गलबल्यात ऐकूही येत नाहीत. त्यांचा विचार करण्यास वीस-पंचवीस हजार वस्तीचे केदाइनियाय हे नगर फार सोयीचे आहे. कारण तेथे हा सारा व्यवहार कागदावर झाला आणि त्याच्या खुणा आजही रस्त्यांच्या व चौकांच्या मांडणीत दिसतात.

काउनास शहराच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवर, नेवेझिस नदीच्या काठी हे नगर आहे. त्याचा पहिला लेखी उल्लेख १३७२ सालचा असून तो शत्रूच्या बखरीतला आहे. ख्रिस्ती धर्माच्या नावाने या मुलखावर वारंवार स्वाऱ्या करणाऱ्या लिव्होनियातील जर्मन धर्मयोद्ध्यांचा वृत्तांत लिहिताना हेर्मान फोन वार्टबेर्गे याने या स्थळाचे नाव नोंदवले. त्यावेळी लिथुएनिया हे युरोपातील जुन्या देवतांना भजणारे अखेरचे राज्य होते. १३८७ मध्ये त्याने रोमन कॅथलिक पंथाचा स्वीकार केल्यानंतर पंधराव्या शतकात येथे संत जॉर्जचे विटांचे देऊळ उभे राहिले. १५९० मध्ये गावास माग्देबुर्ग या जर्मन शहराच्या नमुन्यावर नगराधिकाराची सनद मिळाली आणि स्वतःचे पंचमंडळ, स्वतःचे न्यायासन व स्वतःचा बाजार यांचा हक्क गावकऱ्यांस प्राप्त झाला. तथापि हे नगर राजाचे नव्हते. पोलंड आणि लिथुएनिया यांच्या त्या संयुक्त राज्यात कित्येक गावे सरदार घराण्यांची खाजगी मिळकत असत. केदाइनियाय हेही असेच जहागिरीचे गाव होते. प्रथम ते किश्का घराण्याकडे होते, आणि त्यातील यान किश्का हा ख्रिस्ती त्रैक्यवाद नाकारणाऱ्या, म्हणजे त्या काळी सर्वांनीच पाखंडी ठरवलेल्या, पंथाचा आश्रयदाता म्हणून प्रसिद्ध होता. १६१४ मध्ये विवाहसंबंधातून जहागीर राद्विला घराण्याकडे आली. पोलिश उच्चारात या घराण्यास राद्झिविल म्हणतात.

क्रिस्तुपास राद्विला हा नवा धनी कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंट होता आणि ज्याच्या चाकरीत होता तो राजा कट्टर कॅथलिक होता; त्याने जे धोरण आखले त्याचा उगम या पेचात आहे. १५७३ च्या वॉर्सा येथील करारनाम्याने सरदारांमध्ये धर्मावरून तंटा होऊ नये अशी हमी दिली होती खरी, परंतु साध्या नगरवासीयास, सुतारास किंवा वाण्यास, त्या हमीचा लाभ मिळावयाचा तो त्याच्या धन्याच्या मर्जीनुसारच. संत जॉर्जचे जे देऊळ प्रोटेस्टंटांच्या ताब्यात गेले होते ते कॅथलिकांस परत करावे लागले. तेव्हा क्रिस्तुपासने नदीच्या दुसऱ्या काठी १६३१ मध्ये नव्या कॅल्व्हिनपंथी देवळाचा पाया घातला आणि त्याचबरोबर गावाची फेरमांडणी हाती घेतली. आपल्याकडे पडीक जागी पेठ वसवावयाची झाली म्हणजे शेटे-महाजनांस कौल देऊन उदमी लोकांना बोलावून आणीत. क्रिस्तुपासने जे केले ते या रीतीच्या फार जवळचे होते. घरासाठी जागा, व्यापाराची मुभा आणि स्वधर्माचरणाचे अभय, या तीन गोष्टींच्या लेखी आश्वासनावर त्याने परमुलखातील माणसे गावात आणली. यात औदार्य नव्हते असे नाही, पण हिशेबही होता. वस्ती वाढली की बाजार भरतो, बाजार भरला की जकात वसूल होते, आणि स्वपंथीयांची संख्या वाढली की कॅथलिक दरबारात जहागीरदाराच्या शब्दास वजन येते.

या धोरणाचा ठसा नगररचनेवर उमटला. बहुतेक जुन्या युरोपीय गावांत एक मुख्य चौक असतो. केदाइनियायात असे बाजारचौक अर्धा डझन झाले, आणि त्यांतील काहींभोवती विशिष्ट समाजाची वस्ती स्थिरावली. जर्मन ल्यूथरपंथीयांसाठी योनुशावा हे उपनगर निघाले व तेथे त्यांचे देऊळ झाले. जुन्या बाजाराभोवती ज्यूंची घरे व प्रार्थनास्थळे दाटली. मोठ्या बाजारचौकात स्कॉटलंडच्या व्यापाऱ्यांनी आपली उंच, निमुळत्या दर्शनी भिंतींची घरे बांधली. चौकात उभे राहून पाहिले तर या घरांचा रस्त्याकडील भाग रुंदीने बेताचा आणि मागील भाग मात्र खोलवर गेलेला दिसतो. बाजारास तोंड लागेल अशी जागा मोलाची असे; म्हणून दुकान पुढे, राहते घर वर आणि वखार मागे अशी ती योजना होती. स्कॉटलंडमधील गरिबी व धर्मकलह यांना कंटाळून हजारो स्कॉट त्या काळी पोलंड-लिथुएनियात फेरीवाले म्हणून उतरले होते. अन्यत्र त्यांना परके म्हणून हाकलले जाई, पण येथे ते धन्याचे स्वपंथीय असल्याने त्यांना नागरिकत्व मिळाले, नगरकारभारात जागा मिळाली, आणि आर्नेट, अँडरसन अशी नावे गावाच्या दस्तऐवजांत रुळली. आर्नेट कुटुंबाचे घर आजही उभे आहे.

ज्यूंची स्थिती काहीशी निराळी होती. नगरपंचांच्या न्यायासनाखाली न येता ते थेट जहागीरदारास व आपल्या स्वतःच्या समाजसभेस जबाबदार असत, आणि ही समाजसभा पुढे झेमायतिया प्रांतात अग्रगण्य ठरली. अठराव्या शतकात येथील मोशे मार्गालित या पंडिताने जेरुसलेमी तालमूद या दुर्बोध ग्रंथावर जे भाष्य लिहिले ते आजही मूळ ग्रंथाबरोबर छापले जाते. ज्याच्या विद्वत्तेपुढे सारे पूर्व युरोपीय ज्यू जग नमले तो व्हिल्नाचा (व्हिल्नियसचा) गाओन, म्हणजे महापंडित, एलिया बेन सोलोमन, बालवयात याच गावी त्याच्यापाशी शिकला आणि पुढे त्याने पत्नीही याच गावची केली. पण या समाजाचे सामान्य आयुष्य पांडित्यावर चालत नव्हते. कित्येक कुटुंबे नदीकाठच्या मळ्यांत भाजी पिकवीत. विशेषतः त्यांच्या काकड्यांची कीर्ती दूरवर गेली. केदाइनियाय आज स्वतःस देशाची काकडीची राजधानी म्हणवते आणि दर उन्हाळ्यात काकडीचा उत्सव करते. त्या लौकिकाची पेरणी मुख्यतः या ज्यू माळ्यांनी केली होती.

क्रिस्तुपासनंतर त्याचा पुत्र योनुशास (१६१२–१६५५) याच्या काळात नगराचा उत्कर्ष कळसास पोहोचला. वडिलांच्या वेळची शाळा १६४७ मध्ये उच्च विद्यालयाच्या दर्जास चढली. दुर्गरचनेवरील ग्रंथामुळे युरोपभर नाव झालेला आडाम फ्राइटाग तेथे अध्यापन करी. १६५१ च्या सुमारास छापखाना आला आणि त्यातून १६५३ मध्ये ख्रिस्ती भक्तीचा एक लिथुएनियन ग्रंथ बाहेर पडला. दरबारात पोलिश, विद्यापीठात लॅटिन आणि कचेरीत रुथेनियन, अशा त्या काळात शेतकऱ्याच्या भाषेत स्तोत्रे व प्रवचने छापली जाणे ही सामान्य घटना नव्हती. त्या ग्रंथाच्या सिद्धतेत नगराध्यक्ष स्तेपोनास याउगेलिस तेलेगा याचा हात होता. दिवसा जकातीचे व जमिनीचे तंटे निवडणारा हा गृहस्थ स्तोत्रे रचीत असे. योनुशासची द्वितीय पत्नी मारिया ही मोल्दाव्हियाच्या अधिपतीची कन्या, धर्माने ऑर्थोडॉक्स. तिच्यामुळे त्याही पंथाचे प्रार्थनास्थळ गावात आले. अशा रीतीने कॅथलिक, कॅल्व्हिनपंथी, ल्यूथरपंथी, ऑर्थोडॉक्स आणि ज्यू अशा पाच समाजांचा देवधर्म एका हाकेच्या अंतरात चालू लागला.

आणि नेमक्या याच वेळी आभाळ फाटले. १६५५ च्या ऑगस्टात रशियन सैन्याने राजधानी व्हिल्नियस घेतली, पश्चिमेकडून स्वीडनची फौज पोलंडात घुसली, राजा पळाला. अशा संकटात योनुशासने आपला चुलतभाऊ बोगुस्लाव याच्यासह स्वीडनशी बोलणी केली, आणि २० ऑक्टोबर १६५५ रोजी केदाइनियाय येथे झालेल्या करारनाम्याने लिथुएनियाचे पोलंडशी असलेले बंधन तोडून ते स्वीडनशी जोडले. त्याचा उद्देश मुलूख वाचवण्याचा होता की स्वतःसाठी राज्य मिळवण्याचा, याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. दोन्ही असावेत असे मानण्यास हरकत नाही. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला, तिकोचिनच्या किल्ल्यात वेढ्यात सापडलेला असताना, त्याचा मृत्यू झाला आणि तो करार कागदावरच राहिला. पुढे पोलिश कादंबरीकार हेन्रिक शेंकेविच याने १८८६ मध्ये पुरी केलेल्या ‘महापूर’ या कादंबरीत योनुशासला देशद्रोह्याचे रूप दिले, आणि पोलिश वाचकांच्या मनात या गावाचे नाव विश्वासघाताशी कायमचे निगडित झाले. लिथुएनियन लोक मात्र त्याच पुरुषाकडे स्वतंत्र लिथुएनियाचा विचार करणारा म्हणून पाहतात.

तो ज्या कॅल्व्हिनपंथी देवळाच्या तळघरात निजला आहे तेथे राद्विला घराण्यातील सहा जणांच्या शवपेट्या आहेत. एक त्याच्या पराक्रमी आजोबांची, ज्यांना लोक ‘मेघगर्जना’ या उपनामाने ओळखीत. एक योनुशासची स्वतःची, धातूच्या नक्षीकामाने भरलेली. आणि उरलेल्या चार अगदी लहान, कारण त्या त्याच्या बाल्यावस्थेत वारलेल्या भावंडांच्या आहेत. एका पिढीत चार मुले गमावणारे घर त्या प्रांतातील सर्वांत श्रीमंत घरांपैकी होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या शतकातील वैभव आपणास वाटते तितके सुरक्षित नव्हते हे उमगते.

योनुशासनंतर नगराचा उतार सुरू झाला. युद्धे आली, अठराव्या शतकाच्या आरंभी महामारी आली, जहागीर राद्विला घराण्याच्या कॅथलिक शाखेकडे व तेथून चाप्स्की घराण्याकडे गेली; स्कॉट व्यापारी हळूहळू नाहीसे झाले किंवा इतरांत मिसळून गेले. १७९५ मध्ये हा प्रदेश रशियन साम्राज्यात गेला. रशियाविरुद्धच्या १८६३ च्या उठावात भाग घेतल्याबद्दल मारियान चाप्स्की याची मिळकत सरकारने खालसा केली, आणि ती सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात नाव कमावलेला सेनानी एदुआर्द तोतलेबेन याच्या हाती आली. त्याने आपल्या वाड्याच्या बागेत १८८० च्या सुमारास एक मिनार उभारला. जवळ मशीद नाही, बांग देणारा कोणी नव्हता; तुर्कांशी झालेल्या युद्धाचे स्मारक म्हणून तो बांधला असावा असे म्हणतात, तर गावकरी कोण्या तुर्की प्रेयसीची कथा सांगतात. सनदेवर वसलेल्या गावात हा मिनार तेवढा कोणत्याही समाजाचा नव्हे, एकट्या मालकाच्या लहरीचा आहे. त्याच काळात, १८६४ ते १९०४ पर्यंत, रशियन सरकारने लॅटिन लिपीतील लिथुएनियन छपाईस बंदी केली होती; ज्या गावाने १६५३ मध्ये त्या भाषेत ग्रंथ छापला तेथे आता प्रार्थनेचे पुस्तकही चोरून आणावे लागे.

पहिल्या महायुद्धानंतर लिथुएनिया स्वतंत्र झाला, आणि त्या स्वातंत्र्यासाठी पडलेला पहिला लिथुएनियन सैनिक, पोविलास लुकशिस, ८ फेब्रुवारी १९१९ रोजी याच गावाजवळ कामास आला. गावाच्या उत्तरेस नेवेझिसच्या काठी शेतेनियाय या खेड्यात १९११ मध्ये जन्मलेला चेस्लाव मिवोश हा पोलिश कवी १९८० च्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. ‘इस्साचे खोरे’ या कादंबरीत त्याने ही नदी व तिच्या तीरावरचे बालपण नाव बदलून रंगवले आहे.

जून १९४१ मध्ये जर्मन सैन्य आले. दोन महिन्यांनी, २८ ऑगस्ट रोजी, गावातील व आसपासच्या ज्यूंना बाहेर नेऊन दाउकशियाय खेड्याजवळ खणलेल्या खड्ड्यांच्या काठी गोळ्या घालण्यात आल्या. हुकूम जर्मनांचा असला तरी हत्येच्या कामात स्थानिक लिथुएनियन हस्तकही सामील होते. कार्ल येगर या जर्मन अधिकाऱ्याने वरिष्ठांस पाठवलेल्या तक्त्यात या दिवसाची नोंद आहे: ७१० पुरुष, ७६७ स्त्रिया, ५९९ मुले, एकूण २,०७६. तीन शतकांपूर्वी याच समाजास राहण्याचा हक्क देणारा कागद लिहिला गेला होता. त्याच्या संहाराचाही कागद झाला, बेरीज बिनचूक करून, तारीख घालून.

सोव्हिएत अमदानीत येथे साखर कारखाना चालला, लष्करी विमानतळ झाला, आणि १९६३ मध्ये सुरू झालेल्या रासायनिक खतांच्या कारखान्यामुळे क्षितिजावर जिप्समचे पांढरे डोंगर वाढत गेले. स्वातंत्र्य पुन्हा मिळाल्यावर मोठ्या बाजारातील घरे दुरुस्त झाली, आणि ज्यूंच्या एका जुन्या प्रार्थनागृहात २००२ पासून विविध समाजांच्या संस्कृतीचे केंद्र चालते. आपले गाव अनेक धर्मांचे होते याचा केदाइनियायला अभिमान आहे, आणि तो अनाठायी नाही. पण तो यथार्थ असावयास हवा. राद्विलांची सहिष्णुता त्यांच्या स्वार्थाशी जुळलेली होती, म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही, कारण स्वार्थातून निघालेला न्यायही न्यायच असतो आणि पुष्कळदा सद्भावनेपेक्षा अधिक टिकतो. तिचे वैगुण्य निराळे होते: दिलेल्या कौलास जामीन एकच घराणे होते. ते घराणे गेल्यावर सरकारे बदलत गेली आणि बाजारचौकातील शेजार केवळ सवयीवर चालत राहिला. १९४१ मध्ये कोणी ती सवय मोडावयास सांगितले तेव्हा तिला जामीन राहणारा कायदा उरला नव्हता, आणि ज्यांनी जामीन राहावे असे शेजारीही फार थोडे निघाले. तेव्हा एखाद्या गावी किती धर्मांची देवळे शेजारी शेजारी उभी आहेत हे मोजून त्याची थोरवी ठरवण्यापूर्वी, त्या शेजाराच्या कौलाखाली कोणाची सही आहे आणि सही करणारा उद्या नसला तर ती पाळण्याचे कोणावर बंधन आहे, एवढी चौकशी इतिहासाच्या अभ्यासकाने, आणि त्याहूनही अधिक त्या गावच्या रहिवाशाने, करून घ्यावी हे बरे.