विष्णुदास भावे: मराठी रंगभूमीचे पहिले व्यावसायिक

दरवर्षी ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, विष्णुदास भाव्यांना ‘आद्य नाटककार’ म्हणून हार घातला जातो. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण नाटकाचा धंदा उभा करण्यात आहे. १८४३ साली सांगलीत त्यांचं ‘सीतास्वयंवर’ हे नाटक झालं ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या पदरी राहून. म्हणजे सगळं श्रेय राजाश्रयाचंच, असं कुणी म्हणेल. पण १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय आटला, आणि भाव्यांची खरी कसोटी तिथून पुढे लागली. मंडळी घेऊन ते गावोगाव फिरले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, तिकीट लावून त्यांनी खेळ केले. संस्थानिकाच्या मर्जीऐवजी अनोळखी प्रेक्षकाच्या खिशावर नाटक जगवायचं, ही उडी केवढी मोठी!

ती नाटकं ओबडधोबड होती, हा आक्षेप खराच आहे. सगळी पदं सूत्रधार एकटाच गाई, पात्रं ऐनवेळी सुचेल ते बोलत आणि राक्षस ‘अलल्डुर्र’ करत तलवारी परजत रंगमंचावर शिरत. तरीही याच रचनेमुळे खेळ फिरता राहू शकला: बांधीव संवादांची घोकंपट्टी नाही आणि कथानक रामायण-महाभारतातलं, म्हणजे प्रेक्षकाला आधीच पाठ. मुंबईच्या यशानंतर इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या गावांच्या नावानं निघाल्या. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ या संगीत नाटकाला १८८० मध्ये तिकीट काढून येणारा प्रेक्षक मिळाला, तो याच फिरत्या मंडळ्यांनी तयार केलेला होता.