जमीन विकून 'रीट'मध्ये पैसे टाकले तर कर वाचतो का?

धाराशिव, तुळजापूर, उमरग्याकडची वडिलोपार्जित जागा विकायला निघालेली मंडळी हल्ली आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, आलेले पैसे रीटमध्ये टाकले की टॅक्स पुढे ढकलला जातो म्हणे, खरं का?"

सरळ उत्तर: नाही. ती सोय अमेरिकेतली. तिथल्या कलम १०३१ नुसार गुंतवणुकीची एक मालमत्ता विकून दुसरी घेतली, तर कर पुढे जातो. दुसरी मालमत्ता ४५ दिवसांत निवडायची आणि १८० दिवसांत व्यवहार पुरा करायचा. गंमत म्हणजे तिथेही रीटचे शेअर थेट घेऊन ही सवलत मिळत नाही.

आपल्याकडे सेबीने रीटचे नियम २०१४ मध्ये केले आणि पहिला रीट २०१९ मध्ये शेअर बाजारात आला. हा ट्रस्ट मोठमोठी ऑफिसे, मॉल भाड्याने देतो आणि वाटपयोग्य रकमेपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना वाटतो. गुंतवणूक म्हणून त्याचा विचार जरूर करा, पण त्याने जमिनीवरचा कर माफ होत नाही.

मग कर वाचतो कशाने?

आधी कर लागतो का, ते बघा. शहराबाहेरच्या शेतजमिनीच्या विक्रीवर हा कर नाही. धाराशिवची लोकसंख्या लाखाच्या वर, म्हणून नगरपालिका हद्दीपासून ६ किलोमीटरच्या पुढची जमीन हवी. तुळजापूर, उमरगा, परंड्याला हे अंतर २ किलोमीटर आहे, आणि ते सरळ रेषेत मोजतात.

प्लॉट २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवून विकला, तर फायद्यावर १२.५ टक्के कर आणि वर सेस. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जागेला महागाईचा हिशेब धरून २० टक्क्यांचाही पर्याय आहे. दोन्ही हिशेब करून बघावेत.

सवलतीचे मुख्य रस्ते असे:

• घर विकून दोन वर्षांत दुसरे घर घेतले किंवा तीन वर्षांत बांधले.
• प्लॉट विकून आलेली सगळी रक्कम राहत्या घरात घातली. अर्धीच घातली तर सवलतही अर्धीच. मात्र विक्रीच्या वेळी आधीची एकापेक्षा जास्त घरे नावावर नसावीत.
• सहा महिन्यांत सरकारमान्य रोखे घेतले. मर्यादा ५० लाख, पैसे पाच वर्षे अडकतात.

घर लगेच होणार नसेल, तर रिटर्नच्या मुदतीआधी ती रक्कम बँकेत 'कॅपिटल गेन्स' खात्यात ठेवावी लागते.

रोख्यांवर व्याज मिळते, म्हणजे सूद. रीटही कर्ज काढतात आणि त्यांच्या भाडेकरूंत बँका असतात. म्हणून सीएला विचाराल, तसे मुफ्ती साहेबांनाही विचारा. ज्यांना सूद टाळायचा आहे, त्यांना घराचा रस्ता सोपा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वारशाने जागा मिळाली म्हणून कर लागत नाही, ती विकल्यावर लागतो, आणि तो प्रत्येक वारसाच्या हिश्श्यावर वेगळा. समजा आई-वडील हयात नाहीत, मागे दोन भाऊ आणि एक बहीण. प्लॉटवर फायदा २० लाख झाला. शरीअतप्रमाणे भावांचे ८-८ लाख, बहिणीचे ४ लाख. बहिणीला दुसरे उत्पन्न नसेल, तर नव्या कर प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नसल्याने तिला काहीच भरावे लागत नाही. तिच्याकडून आधीच हक्कसोडपत्र घेतले, तर तेच ४ लाख भावांच्या माथी येतात आणि त्यावर ५० हजार कर व सेस बसतो.

म्हणजे बहिणीचा हक्क दिला तर दीन सांभाळला जातो आणि करही कमी बसतो. खरेदीखतावर तिचे नाव आणि सही असू द्या, तिचे पैसे तिच्याच खात्यात जाऊ द्या.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे सौद्याची इसार घेण्याआधीच सीएकडे जा. पैसे खर्च झाल्यावर गेलात, तर तोही फारसे काही करू शकत नाही.