ई.एस.आर. नॉर्मल, मग दम का लागतो?

"डॉक्टर, ई.एस.आर. तर 12 च आहे. मग जिना चढताना धाप का लागते?" असे विचारणारे रुग्ण वरचेवर भेटतात. याउलट, खोकला आहे आणि ई.एस.आर. 60 आला, म्हणजे टी.बी.च, असे समजून बेडका न तपासता गोळ्या घेणारेही भेटतात. चूक दोन्हीकडे एकच. रक्तातल्या आकड्यावरून फुप्फुसाची परीक्षा होत नाही.

फुप्फुसातील वायुकोशांच्या पातळ भिंतींमधून प्राणवायू रक्तात जातो. या भिंती सुजून जाड वा कडक होण्याच्या आजारांना 'इंटरस्टिशियल लंग डिसीज' म्हणतात. संधिवात, कबुतरांची विष्ठा, कुलरमधील बुरशी, दगडाची धूळ, काही औषधे अशी त्याची अनेक कारणे आहेत. कित्येकदा कारण सापडतही नाही.

ई.एस.आर. म्हणजे तांबड्या पेशी नळीत तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात ते माप. शरीरात कुठेही दाह असला की तो वाढतो. पण रक्त कमी असले, गरोदरपण असले किंवा वय झाले तरी वाढतो. सी.आर.पी. हे यकृतात तयार होणारे प्रथिन. न्यूमोनियात ते वाढते, तसे दाढेत पू झाला तरी वाढते. हल्ली न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे प्रमाणही पाहतात. 72 आणि 18 टक्के असतील तर प्रमाण 4. फायब्रोसिसच्या रुग्णांत ते जास्त असणे फारसे चांगले लक्षण नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. परंतु साधा जंतुसंसर्ग किंवा स्टिरॉइडची गोळी यानेही ते वाढते. थोडक्यात, धूर दिसतो, पण आग कोणत्या घराला लागली ते कळत नाही.

कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसमध्ये तर दाहापेक्षा व्रण धरण्याचीच क्रिया मुख्य असते. म्हणून रक्त नॉर्मल असूनही फुप्फुस कडक होत जाऊ शकते. अशा रुग्णांना स्टिरॉइड व अझाथायोप्रिन यांचा समावेश असलेले उपचार दिल्यावर मृत्यू वाढले, असे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत आढळले. पिरफेनिडोन, निंटेडॅनिब ही औषधे आजाराचा वेग कमी करतात. गेलेले फुप्फुस परत आणत नाहीत. म्हणूनच निदान लवकर व्हायला हवे.

मग रक्त तपासूच नये का? जरूर तपासावे. आर.ए. फॅक्टर, ए.एन.ए. यांवरून संधिवातासारखे मूळ कारण सापडू शकते. आजार माहीत असलेल्या रुग्णाचा दम अचानक वाढला, तर सी.आर.पी. संसर्गाचा संशय घेण्यास मदत करते. मात्र अशा वेळी रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

कोरडा खोकला हटत नसेल, चालताना दम वाढत असेल, बोटांची टोके फुगीर झाली असतील, तर छाती तपासून घ्या. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर चिकटपट्टी उकलल्यासारखा आवाज आला, तर एच.आर.सी.टी. स्कॅन आणि श्वासाची फुंकर-चाचणी लागते. खोकला दोन आठवड्यांहून जुना असल्यास बेडका तपासावा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. आणि मनाने स्टिरॉइड घेऊ नये.