राउटरपासून रिअल-टाइमपर्यंत

डिसेंबर 2002 मध्ये लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी54जी हा घरगुती वाय-फाय राउटर बाजारात आला. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना. आत 125 मेगाहर्ट्झचा मिप्स प्रोसेसर, 16 एमबी रॅम आणि 4 एमबी फ्लॅश. हा डबा लिनक्सवर चालतो आणि तरीही त्याचा कोड कंपनीने दिलेला नाही, हे पुढच्याच वर्षी जाणकारांच्या लक्षात आलं. जीपीएल परवान्याची अट सरळ आहे: लिनक्स वापरून वस्तू विकलीत, तर त्यातल्या लिनक्सचा कोडही मागणाऱ्या ग्राहकाला द्यायचा. मागणीचा रेटा वाढला, 2003 मध्ये कोड खुला झाला आणि त्यावरून 2004 साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. एम्बेडेड शिकणाऱ्यांच्या दृष्टीने त्या काळातली ही सगळ्यात मोठी घटना, असं माझं ठाम मत आहे. दुकानात मिळणारी वस्तू आणि तिला चालवणारा कोड, दोन्ही एकाच टेबलावर आले.

त्या सुमारास आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एम्बेडेड म्हणजे मुख्यतः 8051 या मायक्रोकंट्रोलरचा किट. हेक्स फाइल चढवायची, एलईडी लुकलुकवायचा, सेव्हन सेगमेंटवर आकडे फिरवायचे. पाया म्हणून ते चांगलंच होतं. रजिस्टर, टायमर, इंटरप्ट हाताखालून गेल्याशिवाय पुढचं काही उमगत नाही. पण ऑपरेटिंग सिस्टिम हा वेगळा पेपर, आणि तो बहुतेक फळ्यावरच संपायचा. शेड्यूलरच्या आकृत्या पाठ असायच्या, खरा शेड्यूलर उघडून बघायची सोय नव्हती. रिअल-टाइमच्या व्यावसायिक सिस्टिम महाग, आणि त्यांचा कोड विद्यार्थ्याच्या हाती येणं दुरापास्त.

ती अडचण रिचर्ड बॅरी यांच्या फ्रीआरटीओएस या खुल्या रिअल-टाइम सिस्टिमने 2003 पासून दूर केली. त्याचा गाभा अवघ्या तीन सी फाइलींत आहे: टास्क, क्यू आणि लिस्ट. चिकाटीचा विद्यार्थी सुट्टीत त्या वाचून काढू शकतो. उदाहरणार्थ, 1997 साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान वारंवार रीसेट होत होतं, त्यामागे प्रायॉरिटी इन्व्हर्जन होतं. कमी प्राधान्याच्या टास्कने कुलूप धरून ठेवलं, मधल्या टास्कने तिला काम करू दिलं नाही आणि सगळ्यात महत्त्वाची टास्क अडकून पडली. ही कथा वर्गात नेहमी सांगितली जाते. त्यावरचा उपाय, म्हणजे कुलूप धरणाऱ्या टास्कचं प्राधान्य तात्पुरतं वाढवणं, फ्रीआरटीओएसच्या टास्क फाइलमध्ये ओळीओळीने दिसतो. तो एकदा वाचला की परीक्षेपुरती व्याख्या घोकावी लागत नाही.

मग बोर्ड स्वस्त झाले. 2008 मध्ये बीगलबोर्ड आला, फेब्रुवारी 2012 मध्ये 35 डॉलरचा रास्पबेरी पाय. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सेन्सर, जंपर वायर, यूएसबी-सिरियल केबल घेणाऱ्या मुलांची ये-जा वाढली. सीडॅकच्या एम्बेडेड पदविकेतून बाहेर पडलेली मुलं पुण्यातल्या वाहन-इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्यांत रुजू होत गेली. एम्बेडेड लिनक्स बांधण्यासाठीचं योक्टो 2010 मध्ये आणि झेफिर ही रिअल-टाइम सिस्टिम 2016 मध्ये आली, आणि आज नोकरीच्या मुलाखतीत दोन्हींची चौकशी होते.

स्वस्ताईसोबत एक नुकसानही झालं. तयार इमेज कार्डवर लिहिली, बोर्ड चालू केला, डेस्कटॉप दिसला, आणि मुलाला वाटलं आपण एम्बेडेड लिनक्स शिकलो. खरं शिक्षण सिरियल कन्सोलवर होतं. तीन तारा: ग्राउंडला ग्राउंड, आणि पाठवण्या-घेण्याच्या दोन एकमेकींत उलट. वेग बहुधा 115200. बूटलोडरच्या ओळी सरकतात, ‘स्टार्टिंग कर्नल’ असं उमटतं आणि पुढे शुकशुकाट. कर्नल मेलेलाच असतो असं नाही. कित्येकदा तो व्यवस्थित चालू असतो, फक्त भलत्याच पोर्टवर बोलत असतो. बीगलबोन या बोर्डाच्या जुन्या कर्नलमध्ये पोर्टच्या नावात टीटीवायनंतर इंग्रजी ओ आणि मग शून्य असे, नंतर ओच्या जागी एस आला. एवढ्या एका अक्षरावर अख्खी संध्याकाळ जाऊ शकते. पण तेवढ्या वेळात बूटलोडर कर्नलला काय सोपवतो, डिव्हाइस ट्री कुठून येतं, रूट फाइल सिस्टिम कोण शोधतं, हे सगळं डोक्यात पक्कं बसतं.

डिव्हाइस ट्रीमागेही इतिहास आहे. प्रत्येक एआरएम बोर्डासाठी कर्नलमध्ये वेगळा सी कोड साचत गेला, 2011 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स त्यावर उघडपणे चिडले, आणि हार्डवेअरचं वर्णन कोडबाहेर वेगळ्या फाइलींत नेण्याच्या कामाने वेग घेतला. नवख्याला ती मांडणी किचकट वाटते. हा इतिहास सांगितला की तिचं प्रयोजन कळतं.

सप्टेंबर 2024 मध्ये जवळजवळ वीस वर्षं स्वतंत्र पॅच म्हणून सांभाळलेलं रिअल-टाइमचं काम मुख्य लिनक्समध्ये सामील झालं आणि 6.12 आवृत्तीत सगळ्यांच्या हाती आलं. शिकणाऱ्याला आता त्यासाठी बहुधा वेगळा पॅच शोधून लावावा लागत नाही.

एवढं सगळं आता हाताशी आहे, म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: पहिल्या तासाला तयार इमेज देऊ नका. क्रॉस कंपायलर, यू-बूट हा बूटलोडर, कर्नल आणि मूलभूत आज्ञांचा संच बिझीबॉक्स हे चारही विद्यार्थ्यांना स्वतः बांधू द्या. बोर्ड परवडत नसेल तर क्यूएमू हा एम्युलेटर फुकट आहे, आणि त्यावर हे सगळं साध्या लॅपटॉपवर करता येतं.