फाइल-व्यवस्थेची निर्मिती आणि देवनागरी नावे

हस्तलिखितांची छायाचित्रे आणि टंकित पाठ आता संगणकाच्या तबकडीवर जतन केले जातात. तबकडीवर विभाग आखला म्हणजे तो ग्रंथ ठेवण्यास सिद्ध झाला, अशी समजूत पुष्कळदा आढळते. वस्तुतः असा विभाग म्हणजे रिकामी खोली होय. कोणता ग्रंथ कोणत्या कप्प्यात आहे हे सांगणारी नोंदवही तेथे अद्याप नसते. ती निर्माण करण्याचे कार्य लिनक्स प्रणालीत ‘एमकेएफएस’ ही आज्ञा करते.

प्रथम ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने विभागांची यादी पाहावी. इच्छित विभाग ‘एसडीबी१’ असेल, तर प्रशासकाच्या अधिकाराने ‘एमकेएफएस.ईएक्सटी४’ ही आज्ञा आणि त्यापुढे विभागाचा पत्ता, एवढेच रोमन लिपीत लिहावयाचे असते. काम क्षणांत होते, आणि भय नेमके या सुलभतेत आहे. एका अंकाची चूक झाली की भरलेल्या विभागावर कोरी नोंदवही बसते. जुना मजकूर काही काळ उरला, तरी त्याचा ठावठिकाणा सांगणारे काही राहत नाही.

नोंदींची संख्याही याच वेळी निश्चित होते: सामान्यतः दर १६,३८४ बाइटांमागे एक. कोशातील प्रत्येक शब्दाची स्वतंत्र लहान फाइल करणाऱ्याच्या नोंदी सुमारे चतुर्थांश जागा भरताच संपू शकतात. हे प्रमाण ‘-आय’ या पर्यायाने बदलता येते, मात्र ते आरंभीच.

साहित्याच्या अभ्यासकास याहून जवळचा प्रश्न नावांचा आहे. २००८ साली स्थिर झालेल्या ईएक्सटी४ व्यवस्थेत फाइलच्या नावास २५५ बाइटांची मर्यादा आहे. रोमन अक्षरास एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक वर्णास, मात्रेस आणि हलन्तचिन्हास तीन लागतात. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपले पाहिजे. ग्रंथ, कर्ता, लेखनिक, शके असे सर्व काही नावातच गुंफण्याची सूचीकारांची सवय येथे अडते. विंडोजच्या एनटीएफएस व्यवस्थेत हीच मर्यादा २५५ चिन्हांची असल्याने तेथे सुखाने नांदलेली दीर्घ नावे येथे नाकारली जातात. विभागाच्या स्वतःच्या नावास तर अवघे १६ बाइट मिळतात. त्यात ‘पोथी’ मावते, ‘हस्तलिखिते’ मावत नाही.

आणखी एक सूक्ष्म भेद मराठीपुरता विशेष आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून लिहिता येतो, तसाच ‘र’ला नुक्ता जोडूनही. डोळ्यांना दोन्ही रूपे बहुधा सारखीच दिसतात. पण ईएक्सटी४ सामान्यतः केवळ बाइट पाहते. त्यामुळे दिसण्यात एकच नाव असलेल्या दोन फायली एका फोल्डरात शेजारी राहतात, आणि सूची करणाऱ्यास नसलेल्या पाठभेदाचा भास होतो. ‘केसफोल्ड’ ही सोय विभाग सिद्ध करतानाच निवडून रिकाम्या फोल्डरास लागू केली, तर त्या फोल्डरात ही दोन रूपे एकच मानली जातात. एरवी फायली उतरवून घेण्यापूर्वी सर्व नावे एकाच रूपात आणून ठेवावी लागतात.