परदेशांतील उमेदवारी

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं एक प्रश्न उपस्थित झाला. माझ्या पुतण्याची कन्या पुण्यास अर्थशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झाली आणि तिला एकाच आठवड्यांत परदेशांतून दोन पत्रें आलीं. एक जर्मनींतील बॉन शहराहून, दुसरें एका मोठ्या आंतरराष्ट्रीय कचेरीकडून. काम दोन्हीकडे एकाच जातीचें होतें. दरिद्री देशांनीं आपला कर न्यायानें कसा वसूल करावा, आणि हवा, पाणी व जमीन यांचा नाश न करतां लोककल्याणासाठीं पैसा कसा उभारावा, याच्या अभ्यासांत वरिष्ठांच्या हाताखालीं सहा महिने साहाय्य करावयाचें. यास हल्लीं 'इंटर्नशिप' म्हणतात. आमच्या घरांतील जुना शब्द 'उमेदवारी'.

बॉनची संस्था माफक कां होईना, पण मासिक वेतन देणार होती. दुसऱ्या कचेरीकडून एक पैही मिळणार नव्हती. विमानाचें भाडें, खोली, जेवण सर्व स्वतःचें. परंतु नांव दुसरीचेंच मोठें! मुलीच्या आजीनें, म्हणजे आमच्या वहिनींनीं, त्याच रात्रीं आपल्या पाटल्या आणून मुलीच्या वडिलांपुढें ठेवल्या. "पोरगी मार्गाला लागली म्हणजे पाटल्या पुन्हां होतील," असें त्या म्हणाल्या. वडील गप्प बसले. मला विचारण्यांत आलें तेव्हां मीं चार दिवसांची मुदत मागितली. कारण ज्या कामास मुलगी पाठवावयाची तें काम काय, हेंच मला धड ठाऊक नव्हतें. त्या चार दिवसांत जें वाचलें व तिच्याकडून समजून घेतलें, तें इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथें लिहीत आहें.

दरिद्री राष्ट्रास मदत करावयाची म्हणजे धान्य व पैसा पाठवावयाचा, अशी आपली समजूत असते. परंतु देणगी ही देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. शाळामास्तरांचा पगार आणि दवाखान्यांतील औषध दरवर्षीं लागतें. तें राष्ट्राच्या स्वतःच्या करांतूनच निघालें पाहिजे. विकासासाठीं पैसा कोठून आणावा याचा विचार करण्यास राष्ट्रांची पहिली मोठी परिषद २००२ सालीं मेक्सिकोंतील माँतेरे येथें भरली. पुढें २००८ सालीं दोहा येथें, २०१५ सालीं अदिस अबाबा येथें व २०२५ सालीं स्पेनमधील सेव्हिल येथें. अदिस अबाबाच्या परिषदेंत करविषयक साहाय्य २०२० पर्यंत दुप्पट करण्याचें अनेक श्रीमंत राष्ट्रांनीं कबूल केलें. त्या करारास 'अदिस कर उपक्रम' असें नांव असून त्याचें सचिवालय बॉन येथें आहे.

या कामांतील अडचण एका दृष्टांतानें सांगतों. एखाद्या आफ्रिकी देशांत तांब्याची खाण आहे. ती चालविणारी कंपनी आपलें तांबें आपल्याच दुसऱ्या देशांतील भगिनी-कंपनीस अगदीं स्वस्त दरानें विकते. ती भगिनी-कंपनी, जेथें कर जवळजवळ नाहींच अशा देशांत बसलेली असते आणि तेंच तांबें बाजारभावानें पुढें विकते. खाण एका देशाची, खड्डे त्या देशास, आणि नफा मात्र कागदोपत्रीं दुसरीकडे! ही लबाडी ओळखण्यास कसलेला अधिकारी लागतो. असे अधिकारी गरजू देशांस उसने देण्याची 'सीमारहित करनिरीक्षक' नांवाची योजना २०१५ सालींच सुरू झाली. २०२१ सालीं त्याच योजनेखालीं आपल्या भारतानें भूतानला असें साहाय्य देऊं केलें. एके काळीं केवळ घेणारा असलेला आपला देश आज या विद्येंत देणाराही झाला आहे, ही गोष्ट मला विशेष वाटली.

दुसरा भाग कर्जाचा. पुणें महानगरपालिकेनें २०१७ सालीं पाणीपुरवठ्याच्या कामाकरितां २०० कोटींचे रोखे विकले, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. त्याच धर्तीवर, परंतु सौरशक्ति, पवनशक्ति अशाच कामांस पैसा लावण्याच्या वचनावर जे रोखे काढतात त्यांस 'हरित रोखे' म्हणतात. भारत सरकारनें २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारींत असे १६,००० कोटींचे रोखे प्रथमच विकले. वचन देणें सोपें; पैसा खरोखर त्याच कामीं लागला कीं नाहीं हें तपासणें कठीण. त्या तपासणीचे नियम करणें हेंही याच क्षेत्रांतील काम होय.

हें वाचीत असतां मला नामदार गोखल्यांचें स्मरण झालें. फर्ग्युसन कॉलेजांत शिकवीत असतां त्यांनीं न्यायमूर्ति रानड्यांच्या हाताखालीं वर्षानुवर्षें सरकारी अहवाल व आंकडे घांसले. आंकड्यांच्या कामीं त्यांस साहाय्य करणारे गणेश व्यंकटेश जोशी हे तर शाळामास्तर! त्या उमेदवारीच्या बळावर गोखल्यांनीं १८९७ सालीं लंडनला वेल्बी कमिशनपुढें साक्ष दिली आणि १९०२ सालीं अंदाजपत्रकावरील भाषणांत शिलकी पैसा रयतेवरील जादा कराचा आहे हें दाखवून मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. पुढच्याच वर्षीं तो मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर. गरिबाच्या भाकरीवरील मीठ आंकड्यांनीं स्वस्त होऊं शकतें, हा त्यांतील धडा.

चौथ्या दिवशीं मीं माझें मत सांगितलें. काम चांगलें आहे, मुलीस अवश्य पाठवावी, पण बॉनला. जी संस्था न्यायाची भाषा करते आणि तरुणाकडून सहा महिने फुकट राबवून घेते, तेथें श्रीमंतांचींच मुलें पोहोंचणार. आणि मग गरिबांच्या कराचा विचार गरिबी न पाहिलेलींच माणसें करणार. २०१५ सालीं जिनिव्हांत संयुक्त राष्ट्रांचा एक निर्वेतन उमेदवार खोलीचें भाडें परवडत नसल्यानें तंबूंत राहत असल्याचें जगभर छापून आलें होतें. उलट, जर्मनींत त्याच वर्षापासून किमान वेतनाचा कायदा झाला. तीन महिन्यांहून अधिक काळाच्या ऐच्छिक उमेदवारासही तो लागू आहे. महाभारतांत करास भ्रमराच्या मधुसंचयाची उपमा दिली आहे: मध घ्यावा, फुलास इजा होऊं नये. तोच नियम कुटुंबासही लागू नको काय? पाटल्या मोडून घेतलेलें मोठें नांव मला महाग वाटलें.

मुलगी प्रथम हिरमुसली. "आजोबा, त्या नांवानें पुढें दारें उघडतात," ती म्हणाली. तिचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नव्हतें, आणि मीं तिला तसें सांगितलेंही. पण पाटल्या पुन्हां वहिनींच्या हातांत गेल्या आणि ती बॉनला गेली. जर्मनींतलें संस्कृताचें पहिलें अध्यासन १८१८ सालीं ज्याला मिळालें, तो श्लेगेल याच शहराचा अध्यापक. तेथेंच १८२३ सालीं त्यानें भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह छापली. मीं तिला त्याच्या विद्यापीठाच्या दारावरून एकदां जाऊन ये, एवढेंच सांगितलें.

दुसऱ्या महिन्यांत तिचें लांबलचक पत्र आलें. तिला करांचीं कोष्टकें तपासण्यास दिलीं होतीं. त्यांत भारताचा कर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारें १२ टक्के दाखविला होता, आणि शेजारच्या स्तंभांतील देशांचा त्याहून पुष्कळ अधिक. तिनें मूळ अहवाल उघडले तों आपला आंकडा केवळ केंद्र सरकारचा निघाला. राज्यांचा कर मिळवितां तो १७-१८ टक्क्यांवर जातो. उलट, इतर कांहीं देशांच्या आंकड्यांत कामगारांच्या विम्याची वर्गणीही मिळविलेली होती. तिनें भीत भीत वरिष्ठांस दाखविलें. त्यांनीं तें मान्य करून कोष्टकाखालीं खुलासा घातला. "आजोबा, माझें नांव त्यांत नाहीं, पण कोष्टक आतां खरें आहे," असें तिनें लिहिलें होतें.

वहिनींनीं पत्र दोनदां वाचून घेतलें. कोष्टक म्हणजे काय हें त्यांस नीटसें कळलें नसावें. परंतु "आतां खरें आहे" हे शब्द त्यांनीं मला तिसऱ्यांदा वाचावयास लावले.