गाणें ऐकण्याची खोली

कोल्हापूर शहराचें नांव निघालें कीं गाण्याच्या रसिकास प्रथम स्मरण होतें तें उस्ताद अल्लादिया खाँ यांचें. शाहू महाराजांच्या दरबारीं या थोर गवयांनीं आयुष्याचा मोठा काळ घालविला आणि १९४६ सालीं मुंबईस देह ठेवला; परंतु त्यांचें गाणें तबकडीवर उतरलें नाहीं. त्यांच्या गायकीचें जें कांहीं आज कानीं पडूं शकतें, तें शिष्यपरंपरेच्या मुद्रणांतून : केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि पुढील पिढींतील मल्लिकार्जुन मन्सूर. केसरबाईंची भैरवी तर १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली. जें गाणें ग्रहमाला ओलांडून गेलें, तें घरांत मात्र धड ऐकूं येत नाहीं, अशी तक्रार पुष्कळ घरांतून होते. उत्तम यंत्र आणलें, पैसे मोजले. पण तंबोऱ्याची जवारी खुलत नाहीं, डग्गा नुसता घुमतो, आणि बंदिशीचे शब्द एकमेकांत मिसळतात. दोष बहुधा यंत्राचा नसतो. तो खोलीचा असतो.

स्पीकरमधून निघालेला ध्वनि दोन वाटांनीं कानाशीं येतो. एक वाट सरळ. दुसरी भिंती, छत व फरशी यांवर आपटत येणारी. आपटून येणारा ध्वनि किंचित् उशिरां पोंचतो. उशीर अगदीं अल्प असला, तर कान दोहोंचें एक करून घेतो व आवाजास भरदारपणा येतो. पण आपटणें लांबत गेलें, म्हणजे मागील स्वराची शेपटी पुढील स्वरावर पडते. जुन्या वाड्याच्या सोप्यांत हा त्रास कमी असे. कारण त्याची एक बाजू चौकाकडे मोकळी, माथ्यावर लाकडी तक्तपोशी आणि खालीं गाद्या-लोडांची बैठक. आजच्या सदनिकेंत वर सिमेंटचें छत, खालीं गुळगुळीत फरशी आणि मध्यें काचेच्या खिडक्या. तेथें टाळी वाजवून पाहावी. मागोमाग झणत्कार उमटला, तर खोली अद्याप गाण्यास तयार नाहीं असें समजावें.

या घुमाऱ्याचें गणित प्रथम मांडलें तें अमेरिकेंतील वॉलेस सेबाइन या तरुण अध्यापकानें. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचे शब्द समजत नसत. १८९५ सालीं तो दोष दूर करण्याचें काम सेबाइनकडे आलें. त्यानें दुसऱ्या सभागृहांतील आसनांच्या गाद्या रात्रीं आणवून, किती गाद्या ठेवल्या असतां घुमारा किती सेकंद टिकतो, हें मोजलें. शोषणाचें माप म्हणून त्यानें उघडी खिडकी घेतली. कारण तींतून बाहेर गेलेला ध्वनि परत येत नाहीं. त्याचा नियम सोप्या शब्दांत असा : खोलीचे जितके घनफूट असतील त्यांचा विसावा हिस्सा घ्यावा आणि खोलींतील सर्व वस्तूंचें शोषण जितके चौरस फूट उघड्या खिडकीइतकें भरेल, तितक्यानें त्यास भागावें. उत्तर येईल तितके सेकंद घुमारा टिकेल.

उदाहरणार्थ, १६ फूट लांब, १२ फूट रुंद व १० फूट उंच खोली घेऊं म्हटलें, तर तिचें घनफळ १,९२० घनफूट. विसावा हिस्सा ९६. गिलावा व फरशी यांचें शोषण फारच थोडें, शंभरांत तीन धरलें तर ९४४ चौरस फूट पृष्ठभागाचें अवघें २८ होतें. म्हणजे दारें-खिडक्या बंद केलेल्या रिकाम्या खोलींत घुमारा तीन सेकंदांहून अधिक ! आतां सर्व फरशीवर जाड गालिचा अंथरला. तो आपल्या क्षेत्रफळाच्या सुमारें एकतृतीयांश, म्हणजे ६४ शोषतो. शंभर चौरस फुटांचा जाड, चुणीदार पडदा ५० शोषतो. पांच माणसें बसलीं कीं आणखी २२. एकूण १६४ झाले आणि घुमारा सहा दशांश सेकंदावर आला. गाद्या, लोड व पुस्तकांचीं कपाटें मिळून तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. घरांतील गाण्यास तेवढा पुरे. याहून फार कमी करूं नये. नाहींतर गाणें कोरडें पडतें.

खर्जाची गोष्ट मात्र निराळी. त्याच्या लाटा इतक्या लांब असतात कीं पडदे व गालिचे यांना त्या दाद देत नाहींत. काळी एक पट्टींतील षड्जाचीं कंपनें सेकंदास सुमारें १३९, म्हणून त्याच्या खालच्या सप्तकांतील षड्जाचीं ६९. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें १,१३० फूट जातो. तेव्हां या खर्जाची एक लाट सोळा फुटांहून थोडी अधिक भरते. खोलीही सोळा फुटांची ! अशा खोलींत हा स्वर दोन्ही टोकांच्या भिंतींशीं व मधोमध फुगतो, आणि टोकांपासून चार-चार फुटांवर जवळजवळ नाहींसा होतो. मागील भिंतीस टेकून बसणारा म्हणतो, ‘ खर्ज फार ’. त्याच्यापुढें चार फुटांवर बसणारा म्हणतो, ‘ खर्जच नाहीं ’. दोघेही खरें बोलतात. यंत्र बदलून हा वाद मिटत नाहीं. आसन दोन फूट सरकवून मिटतो. चौरस खोली टाळावी असें सांगतात त्याचेंही कारण हेंच. तींत लांबी व रुंदी दोन्ही एकाच स्वरास फुगवितात.

म्हणून वरील खोलींत दोन स्पीकर पुढील भिंतीपासून सुमारें तीन फूट अलीकडे व एकमेकांपासून सात फुटांवर ठेवावे. त्यांच्या रेषेपासून सात फुटांवर बैठक असावी, म्हणजे पाठीमागें सहा फूट मोकळे राहतात. स्पीकर कोपऱ्यांत कोंबूं नयेत. तेथें सर्वच खर्ज फुगतो. कापसाच्या गाद्यांची चळत ठेवण्यास मात्र कोपरा उत्तम. उंचीचा विचार आपल्या रिवाजाप्रमाणें करावा. खुर्चीवर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून सुमारें साडेतीन फुटांवर असतो. गादीवर मांडी घालून बसणाऱ्याचा अडीच फुटांच्या जवळपास. तार स्वर काढणारा लहान स्पीकर कानाच्या पातळींत हवा. तेव्हां बैठकीच्या घरीं खुर्चीसाठीं केलेल्या उंच घोड्या उपयोगाच्या नाहींत.

बाजूच्या भिंतींवर कोठें कापड टांगावें, हें आरशानें कळतें. एकानें बैठकीवर बसावें व दुसऱ्यानें भिंतीलगत आरसा सरकवीत न्यावा. ज्या जागीं बसलेल्यास स्पीकर दिसेल, तेथें जाड घोंगडें टांगावें. भिंतीपासून दोन-तीन इंच सुटें ठेवल्यास तें अधिक काम करतें.

ज्या घरीं जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत, त्यांनीं आणखी जपावें. त्या मुद्रणांत डावें-उजवें असा भेद नसतो; एक चांगला स्पीकरही पुरतो. त्यांची खांच रुंद असल्यामुळें १९४८ नंतरच्या दीर्घवादी तबकडीची बारीक सुई त्यांस लावूं नये. त्या लाखेच्या असतात व मद्यार्कांत लाख विरघळते. म्हणून मद्यार्क असलेल्या द्रवानें त्या कधींही पुसूं नयेत. पावसाळ्यांत दमट भिंतीस लागून ठेवल्यास वेष्टनांस बुरशी येते. तबकड्या उभ्या व हवेशीर ठेवाव्या. यंत्रांतून घरघर येऊं लागल्यास सर्व यंत्रें एकाच जागेवरून वीज घेतात काय तें पाहावें. घरघर जावी म्हणून भूमीची तार तोडणें मात्र जिवावर बेतेल.

शेवटची परीक्षा तंबोऱ्यानें करावी. मिरजेचा तंबोरा ज्यानें जवळून ऐकला आहे त्यानें मुद्रणांतील तंबोरा लावावा व डोळे मिटावे. चारही तारा निराळ्या ओळखूं आल्या आणि जवारीचा गुंजारव त्यांच्याभोंवतीं अखंड राहिला, तर खोली साधली. आवाज मोठा करण्याची हाव तेव्हां आपोआप सुटते, आणि रात्रीं दहानंतर शेजाऱ्याची झोंपही राखली जाते. अशी खोली एकट्यानें दार लावून भोगण्याची वस्तु नव्हे. सेबाइनच्या हिशेबांत प्रत्येक श्रोता म्हणजे चार-पांच चौरस फुटांची उघडी खिडकी. घरचीं वडील माणसें, मुलें व दोन शेजारी येऊन बसले, तर गाणें अधिक स्वच्छ ऐकूं येतें.